पाचवा रकाना

घाटकोपर,
ता. ५ फेब्रुवारी १९५७

श्री. दत्ताराम यांस,

तुम्ही, सुगंधावहिनी आणि मुलं खुशाल असाल असं धरून लिहितो. इकडे कुंदा आणि मुलं बरी आहेत.

बातमी वाईट आहे. काशीरामकाका काल सकाळी वाकोल्याला लेकीकडे, प्रेमाच्या घरी वारले. चार दिवस ताप होता. अग्नी प्रेमाच्या यजमानांनी दिला. शेवटच्या दिवशी काका तुमचंच नाव घेत होते, असं प्रेमा सांगत होती. त्यांना मुलगा नाही, पुतण्या तुम्ही एकटेच. बारावा शुक्रवारी, पंधरा तारखेला आहे. त्याला तरी या. गाडीभाड्याची अडचण असेल तर कळवा, भाडेकरू संघातून करू.

चाळीचं जैसे थे. तुमच्या खोलीला मालकाचं कुलूप आहे. दुपारचं पाणी त्याने बंद केलंय, म्हणून बायका सकाळीच सगळं भरून ठेवतात. वाढीव भाडं कोणी दिलेलं नाही. जुनं भाडं आम्ही सगळे एकाच दिवशी मनिऑर्डरने पाठवतो आणि तो एकाच दिवशी परत करतो. पोस्टमन म्हणतो, "मधल्या मधे माझे पाय झिजतात, तुम्ही एकदा भेटून भांडा ना." आणखी पाच खोल्यांना तुमच्यासारख्याच नोटिसा आल्यात. जयवंत अध्यक्ष आहेत, चिटणिसाचं काम अजून माझ्याकडेच.

काकांविषयी तुमच्या मनात जे आहे ते आता सोडा. त्याबद्दल मलाही थोडं बोलायचं होतं, पण ते पत्रात नको. समोरासमोर बोलू.

आपला,
विद्याधर


मु. पो. वाडातर, देवगड
ता. ८ फेब्रुवारी १९५७

विद्याधरभाऊस नमस्कार.

पत्र पोचला. काका गेलो, वाईट झाला. पण मी येणार नाही. बारा वर्सां त्या खोलीचा भाडा माझ्या खिशातून गेला, पावती तेच्या नावाची म्हणान मी कधी तोंड उघडला नाही. तेनीच मालकाक लिहून दिल्यान की मी तिथे रवतंय. परक्यान केला असता तर भांडलो असतो. घरच्यान केला, आता कोणाशी भांडू? सुगंधा लोकांच्या शेतात जाता. थोरल्याची शाळा सुटली. तुम्ही आमच्यासाठी कोर्टात उभे रवलात, ता विसरणार नाही.

दत्ताराम


घाटकोपर,
ता. १४ फेब्रुवारी १९५७

श्री. दत्ताराम यांस,

तुमचं कार्ड सोमवारी, अकरा तारखेला मिळालं. आज गुरुवार. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा बारावा होऊन गेलेला असेल. सोमवारीच तार केली असती तर तुम्ही पोचला असता. पोस्टापर्यंत गेलो होतो. एवढं सगळं तारेत कसं घालायचं, असं स्वतःला विचारलं आणि परत आलो. खरं तर चार शब्द पुरले असते. काकांनी लिहून दिलं नाही.

मी दिलं.

गेल्या वर्षी आपण कोर्टात वाजवी भाड्याचा अर्ज केला, त्याला भाडेकरूंची यादी जोडायची होती. वकिलांनी मागितलं होतं तेवढंच: खोली नंबर, पावतीवरचं नाव, भाडं, सही. चार रकाने. मी पाचवा आखला, 'सध्या राहणारे'. ऑफिसात बावीस वर्षं काढली. अपुरा कागद साहेब परत पाठवतात, हे अंगात भिनलेलं. शिवाय वाटलं, एवढ्याशा खोल्यांतून किती माणसं राहतात हे जज्जाला दिसू दे. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर यादी टाइप केली. वकिलांना वेळ नव्हता, त्यांनी वरवर चाळून लावून टाकली. तुमच्यापुढे लिहिलं: पावती काशीराम यांची, सध्या राहणार पुतण्या दत्ताराम, सहकुटुंब. यादी इंग्रजीत होती. तुम्ही विचारलंत, "भाऊ, सही खंय करू?" मी बोट ठेवलं तिथे केलीत.

कुंदाने मला हटकलं होतं. "अहो, जे सगळ्या चाळीला ठाऊक आहे ते कागदावर कशाला? दादरपासून मुलुंडपर्यंत पावती एकाची आणि राहतो दुसराच. कोणी लिहून देतं का?" मी म्हटलं, कोर्टात खोटं लिहायचं नसतं. ती म्हणाली, "खोटं नका लिहू. गप्प बसा." मला तिचं हसू आलं होतं.

अर्जाची नक्कल रीतीप्रमाणे मालकाच्या वकिलाकडे गेली. त्याला वेगळा पुरावा शोधावाच लागला नाही. भाडेकरूंचा चिटणीसच लिहून देतोय की काशीराम तिथे राहत नाही, खोली विनापरवाना दुसऱ्याला दिली आहे. कोर्टात त्याने वर धरून दाखवला तो कागद हाच. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काकान लिहून दिल्यान ना? मालकाचो मुनीम तेका भेटलेलो, माका म्हायत आसा." मी कागदांची दोरी बांधत होतो. ती बांधून झाली तरी बांधतच राहिलो. तुम्ही तिथूनच वाकोल्याला गेलात.

नोटिसा आलेल्या पाच खोल्याही त्याच रकान्यातल्या.

इथवर लिहिलं ते चुकून झालं. आता लिहितो ती चूक नव्हे.

दिवाळीनंतर काका एकदा माझ्याकडे आले होते. काठी टेकत जिना चढले. तुमच्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं आणि आमच्या उंबऱ्यावरच बसले. कुंदाने चहा दिला तो तसाच निवला. म्हणाले, "विद्याधरा, तू शिकलेलो. माका सांग. मुनीम माका बाजारात भेटलो. तो इचारी, खोली बंद आसा काय? मी म्हटलंय, बंद कित्याक, आमचो दत्तू रवता. ह्याच भोवला काय रे?"

मी म्हणालो, "जाऊ द्या काका. व्हायचं ते होतं."

त्यांनी मान हलवली. मी नाही म्हटलं नव्हतं, एवढं त्यांना पुरलं. उठताना म्हणाले, "माज्या तोंडानच घात केल्यान." त्यानंतर ते कोणाशी फारसं बोलत नसत, असं प्रेमा सांगते. ती समजते म्हातारपण.

काल जुहूच्या किनाऱ्यावर दहावा झाला. पिंड ठेवला, कावळे भोवती फिरले, एकही शिवेना. प्रेमा म्हणाली, "बाबा, दत्तूदादाला मी समजावीन." तिच्या यजमानांनी हात जोडले. जयवंत म्हणाले, "काका, चाळ सोडणार नाही आम्ही." मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. काका माझ्याजवळ बसत, म्हणून. मी पुढे झालो, हात जोडले आणि जयवंतांचंच वाक्य पुन्हा म्हटलं. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. तरी आज रजा घेऊन घरी बसलोय.

पाच खोल्यांच्या माणसांना कोणता कागद आपल्याला बाहेर काढतोय हे कळायला हवं. रविवारी सभा आहे. सांगितलं तर संघ मोडेल, मालक त्याचीच वाट पाहतोय. नाही सांगितलं तर ती माणसं एकमेकांच्या काकांवर, मेव्हण्यांवर संशय घेत बाहेर पडतील. आजच चौथ्या नंबरात दोन भाऊ बोलेनासे झालेत. रविवारी मी काय करीन हे इथे लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या अशा शब्दांचा अनुभव तुम्हाला आहे.

खोली परत मिळण्यासारखी नाही. मी वकिलांना पुन्हा विचारलं. थोरल्याच्या शाळेसाठी काही पाठवू का, असं विचारायचं मनात आलं, तेही शोभत नाही.

सोबत त्या यादीची नक्कल ठेवली आहे. तुमच्या ओळीखाली शाईने रेघ मारली आहे आणि शेवटी माझी सही आहे. इंग्रजी आहे, गावातल्या मास्तरांकडून वाचून घ्या. नुसत्या माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. तुम्ही त्या संध्याकाळी वाकोल्याला काकांना काय बोललात ते त्यांनी मला सांगितलं होतं. ते त्यांचं नव्हतं, माझं होतं. तेवढं माझ्या नावावर करून घ्या.

प्रेमालाही अशीच नक्कल पाठवायची आहे. पाकिटावर पत्ता घालून झाला. आजच्या टपालात मात्र हे एकच पाकीट टाकतो आहे.

लोभ असावा असं आता लिहवत नाही.

विद्याधर