वीरभद्रप्पाचा बैल

२६ एप्रिल १९३४

वाचनालयाचं यंदाचं व्याख्यान वीरभद्रप्पाला दिलं. 'इंग्रजी भाषा आणि तिची अक्षरं: उगम.' विषय मी सुचवलेला. गेली कित्येक वर्षं मी त्यावर वाचतोय, हे वाचनालयाच्या समितीत सगळ्यांना ठाऊक आहे. सचिव म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. तुम्हीच बोलायला उभे राहिलात तर वृत्तांत कोण लिहिणार?" हसले. मीही हसलो.

२९ एप्रिल

सात रस्त्यावर वीरभद्रप्पा भेटला. हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. तिशीच्या आतला, पण आवाज असा की लांबूनही ऐकू यावा. "आण्णा, पुढच्या रांगेत बसा की. तुम्ही दिसलात की धीर येतो." मनापासून म्हणाला. म्हणूनच जास्त राग आला.

६ मे

सभागृह भरलेलं, खिडक्यांतही माणसं. त्यानं लहान फळ्यावर बैलाचं तोंड काढलं — शिंगं वर, खाली निमुळतं. मग फळाच उलटा धरला. समोर इंग्रजीचं पहिलं अक्षर! टाळ्या. फिनिशियन व्यापाऱ्यांचा 'अलेफ' म्हणजे बैल. त्यांच्याकडून ग्रीकांनी घेतला, पुढे रोमनांकडे गेला. सगळं बरोबर. हे मी कितीदा वाचलंय. पण फळा उलटा धरायचं मला सुचलं नसतं.

घरी येताना बायकोचं तेच चालू. "किती सोपं करून सांगितलं की! तुमी एवढं वाचताय, मला कदी बैल दाखवला न्हाय."

"तू कधी विचारलं नाहीस."

"त्यास्नी तरी कुटं इचारलं होतं?"

जेवण गेलं नाही.

७ मे

पण चुकला तो. शेवटी म्हणाला — अक्षरं रोमनांची, म्हणून इंग्रजी ही लॅटिनची लेक. साफ चूक. लॅटिनचे शब्द पुष्कळ शिरले, ते नंतर. मूळ भाषा आणली समुद्र ओलांडून आलेल्या अँगल आणि सॅक्सन टोळ्यांनी. त्यांची अक्षरंही वेगळी होती, लाकडा-दगडावर कोरायची, सरळ रेघांची. रोमन अक्षरं ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी मागाहून आणली.

शेजारची सिद्धम्मा कानडीत सांगते आणि मी तिचं मुलाला जाणारं पत्र बाळबोध अक्षरांत उतरवतो. मुलगा मराठी शाळेत शिकला, त्याला कानडी अक्षरं येत नाहीत. तेवढ्यानं तिची कानडी मराठी होत नाही. उदाहरण बैलापेक्षा चांगलं आहे. माझं आहे.

८ मे

गुरुवारच्या अंकासाठी वृत्तांत दिला. बैलाला दोन ओळी, चुकीला दीड रकाना. सिद्धम्माच्या पत्राचं उदाहरणही घातलं. शेवटचं वाक्य — 'वक्त्यांनी आवाजाइतकं वाचनही वाढवावं.' खोडावंसं वाटलं. नाही खोडलं. संपादक म्हणाले, "आज धार आहे हो लेखणीला."

९ मे

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

१० मे

संध्याकाळी वीरभद्रप्पा घरी आला. "आण्णा, मी चुकलो. पुस्तक पुन्हा काढून वाचलं. काल समितीपुढं कबूल केलं. म्हटलं, येत्या रविवारी याच विषयावर आण्णांचं व्याख्यान ठेवा, वृत्तांत मी लिहितो. तयार झाले की सगळे."

अंक सकाळीच गावभर गेलाय. त्यानं अजून पाहिलेला नाही. बायकोनं चहा आणून ठेवला. मी हो म्हणालो.