सार्जंट डोलन आमचा कोण?

१२ ऑक्टोबर
ऑफिसात नवे साहेब. "डोलन? बंगाली हो क्या?" म्हटलं, मराठी ख्रिश्चन. मग नेहमीचं पुराण लावलं: आयरिश सार्जंट, त्याची मराठी बायको, त्यांचा मुलगा जॉन, म्हणजे बाबांचे आजोबा. सांगून सांगून कंटाळले.

बाबा मात्र या गोष्टीवर जगतात. शहाऐंशी पूर्ण झाली, तरी रोज एकच: "मी जायच्या आत सार्जंटचं आयर्लंडमधलं गाव शोधून दे." दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, इथल्या दिल्लीच्या छावणीजवळच्या सिमेट्रीत त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. मला कळायला लागल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

१६ ऑक्टो.
नेटवर आडनाव शोधलं. आयर्लंडच्या पश्चिमेकडचं. मूळ अर्थ म्हणे 'काळं आव्हान', पण खात्रीने कुणीच सांगत नाही. बाबांना वाचून दाखवलं तर ताठ होऊन बसले. "काळे तर आपण आहोतच!" खूप दिवसांनी हसले.

२३ ऑक्टो.
नगरहून चुलतभावाने, अशोकदादाने, मिशनच्या जुन्या रजिस्टरचा फोटो पाठवला. १८७७च्या मोठ्या दुष्काळातलं पान. त्यात जॉनची नोंद.

'मुलगा, सुमारे पाच वर्षांचा. रस्त्यावर सापडला. आईबाप नाहीत. गाव, जात, नाव सांगत नाही. आयर्लंडच्या मिसेस डोलन पोसणार. नाव ठेवले जॉन डोलन.'

दादाला फोन केला. म्हणाला, "तेव्हाची रीतच होती ती. परदेशातून जो कोणी पैसे पाठवून पोसेल, त्याचं नाव पोराला."

म्हणजे सार्जंट आमचा कोणीच नाही. कुठला कोण छावणीत तापाने मेलेला परका माणूस, आणि आम्ही दरवर्षी त्याच्यापुढे डोळे पुसतोय! हसू आलं आधी. मग तो फोटो पुन्हा उघडून बसले.

२७ ऑक्टो.
बाबांना अजून सांगितलं नाही. धीर होत नाही. या वयात माणसाचा पणजोबा काढून घ्यायचा म्हणजे...

भाकरी थापताना आठवलं. बाबांचे आजोबा म्हातारपणीही भाकरीचा तुकडा उशाखाली ठेवून झोपायचे. बाबा सांगायचे, आम्ही खिदळायचो. आता ओट्याशी कुणी लहान मूल उभं आहे असं सारखं वाटतं. काही मागत नाही. नुसतं बघतं. भीती वाटते, त्याहून जास्त लाज.

३० ऑक्टो.
बाबा: "लागला पत्ता?" मी: "बघतेय." खोटं बोलले. ओट्याजवळचा तो पोरगा अजून जात नाही.

२ नोव्हें.
ऑटोने गेलो. बाबांनी कबरीवरचा पाला स्वतः झाडला, फुलं ठेवली. मला राहवलं नाही. "बाबा, हा आपला नाही."

"ठाऊक आहे," म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"नोकरीला दिल्लीत आलो तेव्हा इथे आपलं कुणी पुरलेलंच नव्हतं. आजच्या दिवशी जो तो आपापल्या माणसाकडे. मी गेटशी उभा. मग या कबरीवर आपलं आडनाव दिसलं. पुढे सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं गं."

रजिस्टरमधलं वाचून दाखवलं. आपले आजोबा रस्त्यावर सापडले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.  मग आणखी एक मेणबत्ती लावून शेजारच्या मातीत रोवली. प्रार्थनेला हात जोडले आणि अडले.

"नाव काय घेऊ?"

"जॉन म्हणा."

"ते मिशनचं. आई काय म्हणत असेल त्याला?"

 प्रार्थना तशीच अर्धी राहिली.

घरी आल्यापासून खिडकीशी बसून नावं घेताहेत. धोंडू. म्हादू. सखा. रावजी. प्रत्येक नावानंतर थांबतात, कुणी ओ देतंय का ते ऐकतात. मीसुद्धा गॅस बंद करून ऐकतेय.