खाचेतलं कुंकू

शनिवार, संध्याकाळ. चिकपेट, बंगळूर.

श्रीधरअण्णा काहीतरी लपवतोय. आमचे पणजोबा देवळात पुजारी. गावात रेडिओ यायच्या आधीच त्यांनी तारेशिवाय आवाज पोचवणारं यंत्र बनवलं होतं, असं घरात सगळे सांगतात. यंत्र मात्र कुणी पाहिलेलं नाही. आज सकाळी अण्णानं, माझ्या या चुलतभावानं, एचएसआर लेआउटमधल्या त्याच्या घरी ते दाखवलं. लाकडी पेटी, पितळी कर्णा. म्हणे माळ्यावर सापडलं. उद्या पत्रकार येणार आहेत.

पण आमच्याकडे खंडेनवमीला दुकानातल्या कात्रीलासुद्धा कुंकू लागतं. खाचेत बसलेलं ते कुंकू कितीही घासा, निघत नाही. मग पुजारी माणसानं आपल्याच यंत्राची एकदाही पूजा केली नसेल? मी विचारलं, "अण्णा, पेटीच्या खाचेत कुंकू कसं नाही?"

"स्वल्प गप्प बस रे! तुला कशातही संशय!"

मला काय वेडा समजतो? आणि पणजोबांनी खरंच काही केलं असेल तर? ही पेटी खोटी निघाली, की तेसुद्धा थापाडे ठरणार.

राहवेना, म्हणून दुपारी परत गेलो. अण्णानं पेटी पुढे सरकवली. "नीट बघ. आहे की कुंकू."

खाचेत कुंकू होतं खरं. मी बोट लावलं. ओलं होतं.