गवंड्याचा खांदा

सोमवार, ३

मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. मिशनच्या कामाला परदेशी गेलेला माणूस परत येतो, पडद्यावर फोटो दाखवतो, फार आशीर्वाद मिळाला म्हणतो आणि चहाला बसतो. तिथे नक्की काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून ही वही. रोज लिहीन, काही झाकणार नाही, आणि आल्यावर तुमच्यापुढे मोठ्यानं वाचीन.

मी आणि नर्सताई सुखरूप पोचलो. दवाखान्यामागे तीन खोल्या बांधायच्या आहेत, भिंती कमरेपर्यंत आल्यात. मला मिळालेल्या खोलीत अर्ध्यात सिमेंटची पोती, अर्ध्यात मी. आल्या आल्या कामगारांना गोळा करून चाळीस मिनिटं बोललो. रंगारी पूर्वी आपल्याकडे कामाला होता, त्याला आपली भाषा येते, म्हणून तोच दुभाषी. त्यानं माझं भाषण तीन वाक्यांत उरकलं. बाकीचं कुठं गेलं असं विचारलं तर म्हणाला, भिंत पिते तेवढाच रंग द्यायचा असतो. सगळे पोट धरून हसले, मीही. तेव्हापासून माझं नाव भाषणकाका.

बुधवार, ५

हात सोलवटलेत, पण मजेत आहे. गवंडी साठीचा असेल. मी रचलेली विटांची ओळ तो ओळंबा लावून बघतो, काही न बोलता पाडतो आणि पुन्हा रचायला लावतो. आज चार वेळा पाडली. पाचव्यांदा म्हणाला की काकांची भिंत काकांपेक्षा कमी वाकडी आहे.

त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरचे थर तो डाव्या हातानं रचतो. त्याची लेक आमचा स्वयंपाक करते. रंगाऱ्याशी बोलून बोलून तिलाही आपली भाषा मोडकीतोडकी येते, आणि रागावण्यापुरती तर चांगलीच येते.

शुक्रवार, ७

खांद्याची गोष्ट कळली. वीस वर्षांपूर्वी गवंड्याची बायको त्याच्याबरोबरच कामाला होती. तिसऱ्या मजल्यावर सिमेंटच्या मालाचं घमेलं देताना तिच्या पायाखालची फळी सरकली. यानं मनगट पकडलं. खालची माणसं जिना चढू लागली, तोवर धरून होता. माणसं पोचायच्या जरा आधी मनगट सुटलं. ती गेली. तेव्हापासून खांदा ठणकतो.

मी म्हटलं, हात ठेवून प्रार्थना करतो. तो नको म्हणाला. तिचं तेवढंच माझ्याकडे राहिलंय, असू दे. बंधुभगिनींनो, मला संताप आला. दुःखाला असं उराशी धरून बसणं मला कधीच पटलं नाही, तुम्ही माझी प्रवचनं ऐकली आहेत. तासभर वाद घातला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, ठेव बाबा तुझा हात, माल सुकतोय.

आपले पाळकसाहेब सांगतात, मागताना नेमकं मागा. मला नेमकं मागायला कमीपणा वाटतो. मी म्हटलं, प्रभो, याचं सगळं दुखणं काढून घे. माझा हात कोपरापर्यंत गार पडला. गवंड्याचा हात सरळ डोक्यावर गेला.

मी रडलो. नर्सताई रडली. लेक मात्र बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

रविवार, ९

रांग लागली. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, रंगाऱ्याची दाढ. अकरा जणांवर हात ठेवला. अकराच्या अकरा बरे. आयुष्यभर ज्याच्याबद्दल बोललो ते हातून घडताना पाहिलं. कोपराच्या वरपर्यंत गारवा आहे. थकवा असेल.

मंगळवार, ११

काम झपाट्यानं पुढे जातंय. जेवायच्या सुट्टीला कुणी थांबत नाही. लेक डबे भरून आणते आणि तसेच परत नेते.

दुपारी ती माझ्याकडे आली. सांगत होती की सकाळी बाबांनी भिंतीवरचा आईचा फोटो उतरवला, ही बाई कोण म्हणून विचारलं, खिळा कामाचा आहे म्हणाले आणि तो उपटून खिशात टाकला. मी तिची समजूत घातली. जखम भरली की खपली पडतेच. ती म्हणाली, काका, बाबांचं दुखणं परत द्या. ते तुमचं नव्हतं.

चांगलं वाक्य आहे. प्रवचनात घेता येईल.

बुधवार, १२

तिच्यासाठी गवंड्यावर पुन्हा हात ठेवला. चार वेळा. परत दे म्हणून मागितलं. तो उभा राहिला, थापी हातात, माझ्यामागच्या भिंतीकडे बघत. झालं का म्हणाला नाही. माल सुकतोय म्हणाला नाही.

माझी ओळ वाकडी होती. त्यानं पाडली नाही.

गुरुवार, १३

संध्याकाळी उपासनेत बोललो. रंगाऱ्यानं शब्द न् शब्द सांगितला. पूर्ण चाळीस मिनिटं. मी मध्ये एक विनोद केला, तोही नीट सांगितला. कुणी हसलं नाही.

खिडकीत लेक उभी होती. आत आली नाही.

शुक्रवार, १४

गवंडी फळीच्या टोकापर्यंत थर लावत गेला आणि फळी संपल्यावरही तसाच पुढे गेला. खाली पडला. उठला. पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला. तसाच शिडीकडे चालू लागला. बाकीच्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

लेकीनं एकटीनं त्याला ओढून धरलं. त्याचा पाय खुर्चीला बांधून ती ओरडत होती. तो विचारत होता की बाई, आपलं काय काम आहे.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. नाही वाटलं.

शनिवार, १५

नर्सताईनं माझ्या बोटांना सुई टोचली. दंडाला. छातीला. कुठंच जाणवली नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात उचलला गेला. मी उचलला नाही — तिच्या डोक्यावर —

आता ती शांत आहे. सुया पुसून डबीत ठेवते आहे. मोजते, पुन्हा मोजते.

सोमवार, १७

कुणी रडलं की हात जातो. फक्त रडणाऱ्याकडे. काल दवाखान्याच्या दारात एक म्हातारी रडत होती — तिचा नवरा गेला होता — मी हात पाठीमागे बांधून घेतला होता. गाठ सुटली.

भीती वाटत नाही. म्हणूनच लिहितो. ज्याला अजून वाटते त्यानं वाचावं.

मंगळवार, १८

परतीचं तिकीट रविवारचं, ३० तारखेचं. तुम्ही दारात उभे असाल. म्हाताऱ्या बायका रडतील. डोकी वाकवतील — काका, हात ठेवा —

ही वही आधी पोचली पाहिजे. लेकीला टपालात टाकायला सांगितलंय. ती लांबून घेईल. तिच्यावर अजून हात ठेवलेला नाही. या आवारात बापासाठी रडणारी तेवढी एकच —

बुधवार

लेक वही न्यायला आली आहे. दाराबाहेर थांब म्हटलं. आत येऊन पोत्यावर बसली. बापानं आज तिला घराबाहेर काढलं, कोण तू म्हणून. डोकं गुडघ्यांत घालून रडते आहे. जा म्हणतो. जात नाही.

डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा टेबलावर होता —

बंधुभगिनींनो, एवढंच करा. मी आलो की दाराला आतून कडी घाला. मी बोलेन. फार चांगलं बोलेन. उघडू न