दुसरी किल्ली

तीर्थरूप आईस, तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या वीज कामगार युनियनच्या शाखेने एक मागणी मान्य करून घेतली. खांबावर चढण्याआधी आम्ही खालचा स्विच बंद करून आपापलं कुलूप लावतो. त्याची दुसरी किल्ली ऑफिसात असायची. तिनेच कुणीतरी माझ्या जोडीदाराचं कुलूप उघडलं आणि लाइन चालू केली. तो वरच शॉक लागून गेला. आता त्या किल्ल्या आमच्या आम्हाला मिळाल्यात.

ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, म्हणून त्याचं उघडलेलं कुलूप अजून त्या स्विचलाच लटकतंय. त्या खांबाखालून गेलो की वरून आवाज येतो, "थांब रे, उतरतोय." भासच असेल, तू घोर लावून घेऊ नकोस.

माझी दुसरी किल्ली सोबत पाठवतोय. पिठाच्या डब्यात ठेव. कुणाला देऊ नकोस, मी दारात येऊन मागितली तरी.

तुझाच,
धाकटा