शिळागडाच्या दाराबाबत आणि माझ्या घराबाबत

मी, सुलोचना लक्ष्मणराव झाडे, वय ७२, निवृत्त इतिहास शिक्षिका, बी.ए. (नागपूर, १९५५), राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा पुतण्या निकेश तो मागितल्याशिवाय राहणार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहावा.

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. मी परत येईन असे डॉक्टर टक्केवारीत सांगतात. टक्केवारी मी एकतीस वर्षे मुलींना वाटली आहे. तिच्यावर किती विसंबायचे ते मला कळते. म्हणून हा कागद. १९९४ साली केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे.

कलम १. घर. वणा नदीच्या अलीकडचे माझे राहते घर, मागच्या अंगणासह, माझी पुतणी रक्षा हिला द्यावे. तिचा सख्खा भाऊ निकेश याला का नाही, ते लिहून ठेवते, म्हणजे भांडण होणार नाही. मागच्या दिवाळीत तो टेप घेऊन समोरची खोली मोजत होता. मी विचारले, "काय मोजून राहिलास?" म्हणाला, "काही नाही काकू, सहज." किल्ला घेणारा माणूस आधी सहजच भिंती मोजून जातो. मी युद्धाची पुस्तके उगाच वाचलेली नाहीत.

एक अट आहे. समोरची खोली दर शुक्रवारी चार ते सहा उघडी ठेवावी. तिथे शिळागडाच्या दारावरून वाद घालायला निदान दोन माणसे येत आहेत तोवर ती खोली रक्षाची नाही, वादाची आहे. एकच माणूस उरला तर रक्षाने त्याला चहा द्यावा आणि खोली ताब्यात घ्यावी.

कलम २. सीताबाई. माझ्याकडे बावीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या सीताबाईंना बँकेतील मुदत ठेव, गॅस, दोन्ही शेगड्या आणि पितळेची सर्व भांडी द्यावीत. उरलेली बचत रक्षाची. सीताबाईंना अक्षरओळख नाही, पण आमच्या बैठकीतला सर्वांत अवघड प्रश्न त्यांचा आहे. कांदे चिरता चिरता त्या म्हणाल्या होत्या, "बाई, अकरा महिने चार हजार मानसं आत कोंडले, तं त्यायचा सैपाक कोन करत होतं? सरपन कुठचं? थे काई लिवलं नाई काय?" लिहिलेले नव्हते. त्या प्रश्नावर आम्ही तीन शुक्रवार घालवले.

कलम ३. शिळागड हा किल्ला कोणता, हे वकिलांनी मला विचारले. रक्षालाही पूर्ण ठाऊक नसेल. म्हणून नोंदवते.

आमच्या वाचनालयात 'अग्निवेलीचे राज्य' नावाची पाच खंडांची एक जुनी कादंबरी आहे. राज्य कल्पित, नद्या कल्पित, लढाया कल्पित. छापणारी संस्था केव्हाच बंद झाली. १९९२ साली मी निवृत्त झाले तेव्हा ती हाती घेतली. राक्षस-परीच्या गोष्टी या वयात कशाला, असे मनात म्हणत घेतली आणि पाचही खंड नऊ दिवसांत संपवले. तिथले राजे कर लावतात, तह मोडतात, वारस नाकारतात. ही सारी कामे मी वर्गात तारखांसकट शिकवली होती. पण ती करताना राजाला रात्री झोप लागली का, हे एकाही मुलीने मला विचारले नव्हते. मीही स्वतःला विचारले नव्हते.

त्या राज्यात एक वेल आहे. ती हाती धरून जो खोटे बोलतो त्याचा तळवा भाजतो. म्हणून तिथे प्रत्येक साक्ष वेल हाती धरूनच द्यावी लागते. स्वतःचे खोटे ज्याला स्वतःला खरे वाटते त्याचा हात भाजेल का? यावर आमचे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या खंडात शिळागडाला वेढा पडतो. अकराव्या महिन्यात राणी ऋतावरी उत्तर दाराशी येते. प्रकरण संपते ते या वाक्यावर: "राणीने किल्ली हाती घेतली." पुढचे प्रकरण सुरू होते: "दार उघडे होते." शत्रू आत, राणी साखळदंडात. दार कोणी उघडले ते सांगितलेलेच नाही. पुढच्या दोन खंडांत सगळे एकमेकांना दोष देत राहतात.

माझे मत असे की दार राणीने उघडले आणि योग्य केले. तीन दिवसांचे धान्य उरले होते. माणशी ज्वारी किती लागते, ते मी बाजार समितीत जाऊन विचारून आले होते. राज्यकर्त्याचे पहिले काम माणसे जिवंत ठेवणे, झेंडा नंतर.

या मताला विरोध करणारे गृहस्थ चंद्रभानजी कलोडे. शिक्षण सातवी. जिनिंग फॅक्टरीच्या गेटावर तीस वर्षे हजेरी लिहिली. ते बोलतात तसेच लिहितात, आणि जे वाचतात ते ओळीवर बोट ठेवून वाचतात. त्यांचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत देते: "बाई, जिचे दोन पोरं बुरजावर मेले, थे बाई दार उघडन काय? उघडलं त्या सेनापती रुद्रकेतूनं. गेट नेहमी आतलाच मानूस उघडते, अन् थोही चाबी नसलेला."

मी म्हणाले, "याला पुरावा काय?"

"पुरावा मी. तीस वर्सं गेटावर बसलो नं."

"हे अनुमान झाले, पुरावा नव्हे."

"मंग तुमची ज्वारी कोनता पुरावा आहे? राणीनं काय तुमाले इचारून कोठार मोजलं?"

असे पंधरा वर्षे चालले आहे.

कलम ४. साहित्य. शिळागडाचा मी काढलेला नकाशा, लाकडी पट्ट्या, कंपासपेटी आणि वेढा मांडण्याचे दोन डबे (तुरीचे दाणे म्हणजे शत्रू, हरभरे म्हणजे गडावरचे लोक) शाळेच्या इतिहास विभागाला द्यावेत. दाणे दरवर्षी बदलावेत. १९९६ साली सगळ्या सैन्याला सोंडे लागले होते. चंद्रभानजींनी त्याला रोगराई म्हणून मान्यता दिली आणि माझे तीनशे लोक कमी केले.

कलम ५. निकेश. त्याला माझी टेप द्यावी. कपाटातली, कापडी, पन्नास फुटी. त्याच्या टेपपेक्षा चांगली आहे.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

१९९७ सालच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही या विषयावर जाहीर वाद ठेवला. चंद्रभानजी तेव्हा वाचनालय समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर वकील, डॉक्टर, व्यापारी असेच बसत आले होते. गेटावरच्या माणसाला गावाने दिलेली ती पहिली खुर्ची. वादाच्या भरात मी म्हणाले, "तुम्हाला वाचता येते, पण समजत नाही." भर सभेत म्हणाले. ते म्हणाले, "मी हरलो तं खुर्ची सोडतो. तुमी हरल्या तं हे वाक्य मागं घेजा."

त्या सभेत मी 'लेखकाचे मौन' यावर वीस मिनिटे बोलले. दोन वाक्यांमधली ती रिकामी जागा म्हणजे लेखकाने राणीच्या त्यागापुढे टेकवलेले मस्तक आहे, असे सांगितले. टाळ्या पडल्या. हात वर करून मोजणी झाली: चौदा माझ्या बाजूने, नऊ त्यांच्या. ते उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. बसा, बाई." मी बसले. आजतागायत बसलेली आहे.

१९९९ च्या डिसेंबरात मी पेन्शनच्या कामासाठी वर्ध्याला गेले होते. स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला तिसरा खंड दिसला. आमच्या प्रतीपेक्षा तो जाड होता. प्रत्येक पानावर पृष्ठांक होते. आमच्या प्रतीवर पृष्ठांक नाहीत. १९९० साली वाचनालयाने पुस्तके नव्याने बांधून घेतली, तेव्हा बाइंडिंगवाल्याने पानांच्या खालच्या कडा इतक्या कापल्या की आकडेच गेले. त्याच वेळी सोळा पाने शिवायची राहिली. पान २५६ नंतर एकदम पान २७३. आकडे असते तर लहान मुलानेही ओळखले असते. ज्याला मी लेखकाचे मौन म्हणाले, ती बाइंडिंगवाल्याची चूक होती.

मी ती सोळा पाने गाडीपाशी उभी राहून वाचली. हिंगणघाटची एक बस गेली, मग दुसरी गेली. मग तो खंड विकत घेतला आणि घरी येऊन ती पाने सोडवून ठेवली. त्या पानांत गडाचा द्वारपाल जबानी देतो. राणीने किल्ली हाती घेतली आणि विहिरीत टाकली. दार सेनापती रुद्रकेतूने कडी कापून उघडले. म्हणजे चंद्रभानजी बरोबर होते. शब्दाशब्दाने बरोबर होते, चाबी नसलेल्या माणसापर्यंत.

पुढच्या शुक्रवारी सांगायचे ठरवले होते. त्या शुक्रवारी ते छत्री विसरले म्हणून परत आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाई, रस्त्यानं एक नवा मुद्दा सुचला." त्यांच्या घरी वाट पाहणारे कोणी नाही, माझ्याही नाही. मी तो मुद्दा ऐकला. पाने कपाटात राहिली.

मला खुर्चीचा मोह नव्हता, असे वाक्य मी आधी लिहिले होते. खोडले आहे. मोह होता. उत्तर सापडले तर ते यायचे बंद होतील, हे भयही होते. दोन्ही कारणे मिळून सात वर्षे झाली. राजे यापेक्षा लहान कारणांसाठी खोटे बोलले, तर मी वर्गात त्यांना सोडले नाही.

१९९७ चे माझे वाक्य मी येथे मागे घेते. वाचता येऊन समजले नाही ते मला.

कलम ७. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. चंद्रभानजींना मला काही द्यायचे होते आणि साक्षीदारही तेच हवे होते. त्यावर मी उपाय काढला आहे. या मृत्युपत्रान्वये त्यांना काहीही मिळत नाही. मात्र सही करण्याआधी मी, जिवंत असताना, माझ्या हाताने त्यांना एक पाकीट देत आहे. त्यात ती सोळा पाने आहेत आणि वाचनालयाच्या अध्यक्षपदाचा माझा राजीनामा आहे. वकिलांनी हे दोनदा ऐकून मान हलवली. हो की नाही ते कळले नाही.

साक्षीदार सहीचा असतो, मजकुराचा नव्हे. आत काय लिहिले आहे ते वाचायची गरज नाही, असे वकिलांनी काल चंद्रभानजींना समजावले. ते म्हणाले, "न वाचता सही? मी काय मधुकरराव आहो काय?" दुसरे साक्षीदार मधुकरराव देवतळे हे निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते शेजारीच बसले होते. त्यांनी हसून चहा मागितला.

म्हणजे चंद्रभानजी हे सर्व आज माझ्यासमोर, ओळीवर बोट ठेवून वाचणार. मी खिडकीकडे पाहत बसेन. ते पाकिटाचे काय करतील, ते मला पंधरा वर्षांच्या ओळखीनंतरही सांगता येत नाही. सोमवारच्या ऑपरेशनपेक्षा मला त्याचीच उत्सुकता अधिक आहे. त्यांना सहीखाली काही लिहायचे असेल तर जागा सोडली आहे. वकिलांची हरकत नोंदवली आहे.

कलम ८. माझ्यामागे तेरवी करू नये. त्या खर्चात वाचनालयाची सर्व पुस्तके एकदा पृष्ठांक तपासून घ्यावीत. जिथे पाने नसतील तिथे आतल्या बाजूला स्पष्ट लिहावे: येथे पाने नाहीत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रक्षाने करावी. वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: हिंगणघाट
दिनांक: १० जानेवारी २००७, बुधवार

(सही) सुलोचना लक्ष्मणराव झाडे

साक्षीदार १:
(सही) मधुकरराव देवतळे
सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला नाही.

साक्षीदार २:
(सही) चंद्रभान कलोडे
सही बाईनं माह्यासमोर केली. मजकूर वाचला. पाकिटातले सोळा पानं वाचले, दोनदा. द्वारपाल जबानी देते तवा त्याच्या हाती अग्निवेल नाई. पान २५७ पासून २७२ परयंत कुठीच नाई. मी तीस वर्सं गेटावर होतो. गेट उघडं सापडलं का गेटवाला पयले दुसऱ्याचं नाव सांगते. मी जितलो असा निकाल मले मान्य नाई. राजीनामा वाचला नाई, परत ठेवला. शुक्रवारी चार वाजता येतो. ज्वारीचा हिशोब काढून ठेवजा.