जीप विकायची न्हाय

आबा,

डेअरीला दूध घालून मी जीप तशीच भिगवणला मुबीनभाईच्या गॅरेजात नेतीय. तिला टर्बो बसवून घेणार हाय, म्हंजी इंजिनाला जोर येईल.

तुमी अन् दादानं कंपनीची टर्बो गाडी ठरवली, जीपला गिऱ्हाईकही बघितलं, अन् मला ते भाकरी वाढताना कळलं. सात वर्षं जीप मीच चालवतीय. भरल्या कॅनांनी तिला दम लागतो, म्हणून काय विकायची? नव्या गाडीची किल्ली दादाच्याच खिशात राहणार, एवढं मला कळतं.

गिऱ्हाईक आलं तर चहा पाजून लावून द्या. कालवण चुलीवर हाय, मीठ घालायचं राहिलंय.

मी झाले तवा तुमी नको म्हणालात. तवा मला बोलता येत नव्हतं. आता जीपला नको म्हणताय, अन् आता मला बोलता येतं.

नकोशी